मशीनचा ऊस, कोयत्याचा ऊस

ऑपरेटर मशीनच्या पोटाखाली उताणा पडलाय. बाहेर फक्त त्याचे बूट. सकाळचे साडेसात वाजलेत आणि वाळवा तालुक्यातल्या या शिवारात जानेवारीचं दव पानांवर अजून तसंच आहे. आतून पाना घसरल्याचा आवाज येतो, पाठोपाठ एक शिवी, आणि मग एक पोलादी पातं माझ्या पायाशी येऊन पडतं. वीतभर लांब, चार बोटं रुंद, कोपरे पार गोल. उलटंसुलटं करून दोन्ही टोकं वापरून झालेली आहेत.

"ऊस तोडून पातं झिजत न्हाई," हेल्पर म्हणतो. "माती खाऊन झिजतंय."

तो वाकून नवी पाती एकेक करून आत सरकवतोय. मशीनचं तोंड हायड्रॉलिकनं वर उचललंय आणि त्याला लोखंडी अडणी लावलीय. नुसत्या तेलाच्या दाबावर भरवसा ठेवून कोणी खाली शिरत नाही. मी वाकून बघतो. जमिनीलगत दोन तबकड्या शेजारी-शेजारी, दोघींच्या कडेला बोल्टनं कसलेली पाती. दोन्ही एकमेकींच्या दिशेनं आत फिरतात आणि ऊस बुडातून छाटतात. याला बेस कटर म्हणतात. पातं बोथट असलं तर ऊस तुटण्याऐवजी बुडखा चिरफाळतो, खोड मुळासकट हलतं आणि पुढचा खोडवा विरळ फुटतो. म्हणून सकाळचं पहिलं काम पाती बदलणं. एरवी या अवाढव्य यंत्रात बघण्यासारखं खूप आहे, पण शेतकऱ्याचं पुढच्या वर्षाचं पीक या दोन तबकड्यांवर अवलंबून आहे.

शेतकरी तात्या बांधावर उभे आहेत. तीन एकर आडसाली, को ८६०३२ जातीचा. मागल्याच्या मागल्या पावसाळ्यात लावलेला ऊस आता सतराव्या-अठराव्या महिन्यात आहे, माझ्या दुप्पट उंच. सऱ्या साडेचार फुटी.

"साडेचारची सरी सोडली तवा धाकट्या भावानं मला येड्यात काढलं," तात्या सांगतात. "म्हणला, निम्मं रान मोकळंच ठिवणार काय? आता त्यो बसलाय टोळीची वाट बघत."

धाकट्याचं रान पलीकडेच आहे, जुन्या तीन फुटी सरीचं. तिथं हे मशीन शिरूच शकत नाही. शिरलं तर एका ओळीवरून जाताना चाकं दुसऱ्या ओळीच्या बुडख्यांवरून जातील. म्हणजे मशीनच्या तोडणीचा निर्णय आज झालेला नाही. दीड वर्षापूर्वी, सरी सोडायच्या दिवशीच तो झालाय. भर टाकताना माती किती चढवली, दगड वेचले का, सरी किती लांब धरली, या सगळ्याचा हिशेब आज निघायचाय.

शेताच्या दोन्ही टोकांचा थोडा ऊस कालच हातानं तोडून घेतलाय. मशीनला वळायला जागा लागते. ती जागा मात्र मशीनला स्वतःला करता येत नाही, ती कोयत्यानंच करून द्यावी लागते. आणखी एक काम उरलंय. तात्यांचा मुलगा आणि एक गडी सरीतून ठिबकच्या नळ्या ओढून गुंडाळताहेत. वेटोळी बांधावर रचत चाललीत.

साडेआठला दव जरा सुकतं. रात्रीही मशीन चालतं, दिवे लावून, दोन पाळ्यांत. पण ओलं पाचट जड असतं, ते उसापासून नीट सुटत नाही. ऑपरेटर केबिनमध्ये चढतो. वय फार तर पंचविशीचं, करमाळ्याकडचा पोरगा, आधी जेसीबी चालवायचा. इंजिन गुरगुरतं. ते नुसतं चाकं फिरवत नाही, पंप फिरवतं. पंपांतून दाबाखालचं तेल मनगटाएवढ्या नळ्यांतून सगळीकडे पळतं आणि प्रत्येक फिरणाऱ्या भागाशी बसवलेली मोटर चालवतं. पुढचं तोंड जमिनीवर टेकतं.

सगळ्यात आधी काम करतो उंच दांड्यावरचा टॉपर. ऊस अजून उभाच आहे तोवर हा त्याचा हिरवा शेंडा उडवतो आणि तोडलेल्या बाजूला फेकतो. शेंड्यात साखर कमी, पाणी जास्त. कारखान्याला तो नकोच असतो. पण हा शेंडा म्हणजे वाढं, आणि वाढं म्हणजे जनावराची वैरण. बांधावर तात्यांच्या घरच्या काकी आणि शेजारच्या दोघी विळे घेऊन तयारच आहेत. मशीन दहा पावलं पुढं गेलं की त्या धावतात आणि मागून ट्रॅक्टरचं चाक यायच्या आत वाढं ओढून काढतात. हाताच्या तोडणीत वाढं टोळीचं असतं. त्याच्या पेंढ्या बांधून टोळी ती गावात विकते, चार पैसे होतात. इथं ते ज्याच्या हाती लागेल त्याचं, आणि निम्मं चिखलात.

टॉपरच्या खाली, तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन तिरके पिंप. त्यांच्यावर पट्टी मळसूत्रासारखी वर चढत गेलीय. ते फिरू लागले की शेजारच्या ओळीत अडकलेला ऊस सुटा होतो, आडवा झालेला उचलला जातो, ओळ वेगळी होते. मग उभ्या उसाच्या अंगावर एक रोलर येतो आणि ऊस पुढं ढकलतो. इथं मी बराच वेळ थांबतो, कारण हे आपल्या सवयीच्या उलटं आहे. कोयतेवाला ऊस एका हातानं आपल्याकडे धरतो आणि बुडात घाव घालतो. मशीन आधी उसाला आपल्यापासून पुढं, लांब वाकवतं. वाकलेल्या उसाचं बूड तबकड्यांसमोर उघडं पडतं, ते तुटतं आणि ऊस बुडाकडून आत खेचला जातो. शेंड्याकडून आत घेतला असता तर प्रत्येक पान उलटं होऊन अडकलं असतं. बुडाकडून घेतला की पानं आपोआप मागं दुमडतात.

आत रोलरांची रांग आहे. वरचे-खालचे रोलर उसाला दाबत, माती झटकत मागं नेतात. शेवटी समोरासमोरचे दोन पिंप, त्यांच्या अंगावर लांब पाती. दोन्हीकडची पाती फिरता फिरता एकमेकींना भिडतात आणि दहा फुटी उसाच्या वीत-वीतभर कांड्या होतात. डोळ्यांना दिसत नाही, ऐकू येतं. एकसुरी तडतड. त्या तडतडीत मधेच एक खणखणीत ठोका पडला की ऑपरेटरची मान वळते. दगड.

कांड्या आणि पाचट एकत्रच वर उडतात. वर मोठ्या टोपाखाली पंखा आहे. खळ्यावरच्या उफणणीचंच हे काम, फक्त वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. जड कांडी खाली पडते, हलकं पान पंखा ओढून बाहेर फेकतो. खाली पडलेल्या कांड्या एलिव्हेटरवरून, साखळीला लावलेल्या पट्ट्यांवरून वर चढतात, टोकाला दुसरा छोटा पंखा आणखी थोडं पाचट काढतो आणि कांड्या शेजारून चालणाऱ्या इन्फिल्डरमध्ये धबाधबा पडतात. इन्फिल्डर म्हणजे ट्रॅक्टरमागची जाळीची उंच ट्रॉली. ती भरली की रस्त्याकडेला जाते, उचलून ट्रकमध्ये ओतते आणि परत येते. एका मशीनमागं असे दोन. एक ओततो तोवर दुसरा भरतो.

मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसतो. ड्रायव्हर मान सतत उजवीकडे वळवून आहे. मशीनच्या आणि त्याच्या वेगात फरक पडला तर ऊस जमिनीवर जाणार. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हे दोघं हळू चाललेत. आडसालीच्या दाट रानात यापेक्षा वेग घेता येत नाही, तबकड्या चोंदतात. तरी दोन सऱ्यांत ट्रॉली काठोकाठ होते. चार-साडेचार टन, पंधरा-वीस मिनिटांत. एक जोडी, नवरा-बायको, दिवसभर राबून दीड-दोन टन तोडते, सोलते, मोळी बांधते आणि डोक्यावरून वाहून भरते.

मागं बघतो तर रान बदललेलं आहे. जिथं ऊस होता तिथं पाचटाची गादी. बगळे उतरलेत, कोतवाल तारेवरून सूर मारून किडे टिपतोय. उसाच्या कडेनं मुंगसाची जोडी पळत जाते आणि पलीकडच्या ओढ्यात गडप होते. शिराळ्याकडून बिबट्या या भागात यायला लागल्यापासून शेवटच्या चार सऱ्या राहिल्या की सगळे जरा सावध असतात. ऑपरेटर मात्र निवांत. केबिनला काच आहे.

तात्या पाचटात वाकून काहीतरी शोधताहेत. मूठभर तुकडे घेऊन येतात. उसाच्याच कांड्या, फुटलेल्या, चिंध्या झालेल्या.

"हे बघा माझं वजन. पंख्यातनं गेलेलं."

ऑपरेटर इंजिन मंद करून खाली येतो. त्याचं म्हणणं साधं आहे. पंखा जोरात ठेवला तर पाचटाबरोबर कांड्याही जातात. हळू ठेवला तर ट्रॉलीत पाचट जातं आणि कारखाना नावं ठेवतो. तो रानानुसार मधला आकडा पकडतो. तात्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि मला तो बरोबर वाटतो. मशीनच्या उसात पाचट येतं म्हणून काट्यावर वजनातून साडेचार-पाच टक्के वजावट होते. ती रान स्वच्छ असलं तरी होते आणि गवताळ असलं तरी होते. मग पंखा नेमका ठेवण्यात शेतकऱ्याचा फायदा काय? शंभर टनांवर साडेचार टन म्हणजे या मशीनची जवळजवळ एक ट्रॉली. ती ट्रॉली ऊस होती की पाचट, हे काट्यावर कोणी उकरून बघत नाही.

"आणि कोयत्याच्या मोळीत पाचट नसतंय काय?" तात्या विचारतात. उत्तर कोणालाच द्यायचं नसतं.

दहाच्या सुमारास मशीन अचानक थांबतं. तडतड बंद, इंजिन एकदम दबकं. काळ्या नळीची एक शेपटी तोंडाबाहेर लोंबते आहे. ठिबकची एक लॅटरल सरीत राहून गेली होती, भर टाकताना मातीखाली दबलेली. बेस कटरनं ती उचलली आणि स्वतःभोवती गुंडाळून घेतली. ऑपरेटर तबकड्या उलट्या फिरवून बघतो. नळी आणखी घट्ट बसते. मग इंजिन पूर्ण बंद, तोंड वर, अडणी खाली आणि पुन्हा तो उताणा. या वेळी हातात सुरी. तात्यांचा मुलगा मान खाली घालून उभा. कोणी त्याला काही बोलत नाही. प्लास्टिकच्या चिंध्या बाहेर येत राहतात, त्यांच्याबरोबर हरणखुरीचे वेलही. वेल हाही मशीनचा शत्रूच. तो उसाला उसाशी बांधून टाकतो आणि मळसूत्री पिंपांवर दोर वळत जातो.

पाऊण तास गेला. मशीनचा मालक, शेजारच्या गावचा तरुण, मोटरसायकलवरून येतो आणि न बोलता घड्याळ बघतो. त्याचं गणित मला नंतर कळतं. मशीन कोटीच्या घरातलं. २०२३ मध्ये राज्यानं राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते. बाकीचं कर्ज. हंगाम चार-पाच महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा. दिवसरात्र मिळून शंभर-सव्वाशे टन निघाले तर जमतं. म्हणून त्याला हवं ते रान सरळ, सपाट, कोरडं आणि लांब सऱ्यांचं. वळताना ऊस तुटत नाही, डिझेल मात्र जळतं. पंधरा-वीस गुंठ्यांच्या तुकड्याला तो हात जोडतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये यंत्राच्या तोडणीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला. तिथल्या बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंचं नाव उसाच्या यंत्रांशी कायमचं जोडलं गेलंय. १९६० च्या दशकात तिथं हाताची तोडणी झपाट्यानं मागं पडली. पण तिथं माणसं कमी आणि रानं मोठी. इथं एका गटात चार भाऊ, चार सरींची रुंदी, चार लागणीच्या तारखा. तेच यंत्र, पण ते उतरतं कुठं यावर त्याचं काम ठरतं.

पलीकडे, धाकट्या भावाच्या रानात, टोळी आलीय. धारूर तालुक्यातली, बीडची. मी बांध ओलांडून जातो. कोयत्यांचा आवाज मशीनइतका भरत नाही, पण त्याला ताल आहे. बुडात एक घाव, शेंड्याला एक, मधे पाचट ओरबाडून काढणं. एक मावशी मोळीखाली डोकं देता देता थांबतात.

"तुमचं मशीन बिघडलं व्हय?"

"नळी अडकली."

"आमचं काय अडकत नाय," त्या म्हणतात आणि मोळी उचलून फळीवरून ट्रॉलीत चढतात.

मशीनची भीती वाटते का, असं मी टोळीच्या मुकादमाला विचारतो. भीती नाही, तो म्हणतो. एवढा ऊस आहे, चार मशीननं काय होतंय. त्याची तक्रार दुसरीच आहे. "सरळ उभा ऊस मशीन नेतंय. लोळलेला, पाण्यातला, दगडातला, आडरानातला आम्हाला. टनाचा दर मात्र त्योच." हा दर २०२४ च्या जानेवारीत पुण्यातल्या बैठकीत ठरला, तेव्हा टनाला ३६६ रुपये. उभ्या रानात जोडी दोन टनांपर्यंत जाते. लोळलेल्या रानात टनभर निघाला तरी पाठ मोडते, कारण प्रत्येक ऊस गुंत्यातून आधी ओढून काढावा लागतो. एकाच दरात बरं रान आणि वाईट रान मिसळून निघायचं, म्हणून तो परवडायचा. आता बरं रान वेगळं निघालंय. मशीन किती हात रिकामे करतं यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. ते उरलेल्या हातांना कोणता ऊस ठेवतं, हे मला बीडच्या या माणसाकडून कळतंय.

दुपारी कारखान्याचा चिटबॉय येतो. स्लिपा फाडतो, वेळ टाकतो. तो घाईत आहे, आणि त्याची घाई खरी आहे. अख्खा ऊस एखादा दिवस गाडीवर उभा राहिला तरी निभतं. कांड्यांचं तसं नाही. प्रत्येक कांडीला दोन तोंडं, दोन्ही उघडी. त्यातून जंतू शिरतात, साखर फुटायला लागते, रसात चिकट डेक्स्ट्रान तयार होतं आणि कारखान्यात पाक नीट बसत नाही. म्हणून मशीनच्या गाड्यांना गव्हाणीत आधी नंबर. टोळीच्या गाड्या रांगेत मागं. तिथंही.

चार वाजता मशीनचं या रानातलं काम आटोपतं. म्हणजे ऑपरेटरच्या मते आटोपतं. ओढ्याच्या बाजूला दहा-बारा गुंठे ऊस तसाच आहे, ऑक्टोबरच्या वादळी पावसात आडवा झालेला, चटईसारखा विणला गेलेला. खाली ओल. ऑपरेटर तोंड वर उचलून त्याच्या कडेपर्यंत जातो, थांबतो, काचेतून बघतो आणि मागं घेतो.

"न्हाई जमणार तात्या. रुतलं तर क्रेन आणावी लागंल."

"अरे एवढाच राहिलाय!"

"एवढाच म्हणूनच."

मालक तोवर दुसऱ्या गावच्या रानाचा पत्ता ऑपरेटरच्या मोबाइलवर पाठवून मोकळा झालाय. मशीन तोंड उचलून, टॉपर खाली घेऊन, रस्त्याला लागतं. मागोमाग दोन्ही इन्फिल्डर. रानात पाचट, चाकांच्या खोल पट्ट्या आणि जमिनीबरोबर साफ कापलेली खोडकी. बुडखे छाटायची मजुरी वाचली, हे तात्याही कबूल करतात. पाचट जाळायचं नाही, कुट्टी करून सरीतच ठेवायचं, एकरी तीन-चार टन पाचटाचं सेंद्रिय खत फुकट, असंही ते आपणहून सांगतात. नजर मात्र ओढ्याकडे.

चिटबॉय बांधावरूनच मुकादमाला हाक मारतो. मुकादम येतो, मनगटाला कोयता अडकवलेला, आणि न बोलता त्या लोळलेल्या तुकड्याभोवती एक चक्कर मारतो. एका ठिकाणी पाय दाबून ओल बघतो. एक ऊस ओढून बघतो. येत नाही.

"खुशाली किती?" तात्याच विचारतात. खुशाली म्हणजे टोळीला दराच्या वर द्यायचे पैसे.

"पाच हजार. आणि वाढं आमचं."

"पाच? एकराला देत्यात पाच. हे दहा गुंठं हाय!"

"मशीनला इचारा की मग," मुकादम म्हणतो.

चिटबॉय हसू दाबतो. ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे त्याचे वरचे पैसे, त्यातच धरायची की वेगळी, असं तो मधेच विचारतो, आणि दोघंही त्याच्यावर एकदम उखडतात. तात्या तीनवर येतात. मुकादम साडेचारवर. काकी वाढ्याचा भारा खाली टेकवून सांगतात, वाढं निम्मं आमचं, दारात दोन म्हशी हायत. मुकादम त्यावर पहिल्यांदा जरा विचार करतो.

"चार," तो म्हणतो. "वाढं निम्मं. उद्या न्हाई, परवा. अन् दुपारच्याला सगळ्यांस्नी चहा."

"चहा देतो की," तात्या म्हणतात. "साडेतीन."